विश्लेषण : दक्षिणेकडे खाली लुकलुकणारा ‘तो’ तारा कोणता? ‘अगस्त्य’ किती मोठा, किती दूर आणि त्याला ‘कॅनोपस’ का म्हणतात?

हिवाळ्याच्या रात्री गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले, की इमारतींच्या थोडा वर प्रकाशाचा एक ठळक ठिपका दिसतो. क्षणात पांढरा, क्षणात लालसर, मध्येच हिरवट-निळा. मोबाइलवर काढलेला त्याचा थरथरता व्हिडीओ सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ड्रोन आहे, विमान आहे की आणखी काही? तासाभराने पाहावे तर ठिपका जागेवरच, फक्त पश्चिमेकडे जरासा सरकलेला. ते ड्रोन नसते आणि विमानही नसते. तो असतो अगस्त्य, रात्रीच्या आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा.

पहिल्या क्रमांकाचा व्याध सगळ्यांना माहीत असतो. अगस्त्य मात्र लंडन, पॅरिस किंवा बर्लिनमधून वर्षात एकदाही दिसत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातून तो कित्येक महिने सहज दिसतो, तरीही अनेकांना ओळखता येत नाही. हा तारा कसा ओळखायचा, त्याला वेगवेगळी नावे कशी पडली आणि तो प्रत्यक्षात आहे तरी केवढा, हे समजून घेऊ या.

अगस्त्य कुठे आणि कधी दिसतो?

सर्वांत सोपी खूण म्हणजे मृग नक्षत्र. मृगाच्या पोटातील एका ओळीतील तीन तारे शोधा. त्यांची रेषा आग्नेयेकडे वाढवली, की व्याध सापडतो. व्याध दक्षिणेला उंच आलेला असताना त्याच्या जवळपास सरळ खाली ३६ अंशांवर अगस्त्य असतो. हात लांब करून मूठ धरली, की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे व्याधापासून साडेतीन मुठी खाली उतरायचे.

डिसेंबरच्या अखेरीस अगस्त्य मध्यरात्रीनंतर सर्वांत उंच येतो. पुणे-मुंबईकडे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ही वेळ रात्री साडेदहाची, फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वानऊ-साडेनऊची, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठ-सव्वाआठची असते. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे हे सुमारे २० मिनिटे आधी घडते. एकदा उगवला, की अगस्त्य आपल्याकडे सुमारे आठ तास क्षितिजाच्या वर राहतो.

मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र तो आपल्याला दिसत नाही. त्या काळात तो सूर्याच्या बरोबरीने उगवतो-मावळतो आणि उजेडात हरवतो. शिवाय आपल्याकडे तेव्हा पावसाळी ढग असतात, ते वेगळेच.

प्रत्येक शहरात त्याची उंची वेगळी का?

पृथ्वी गोल आहे. त्यामुळे जसजसे दक्षिणेकडे जावे, तसतसे दक्षिणेकडचे तारे वर येतात. अगस्त्यासाठीचा हिशेब एका ओळीचा आहे : ३७.३ मधून आपल्या गावाचा अक्षांश वजा करा. येणारी संख्या म्हणजे अगस्त्याची तुमच्या गावातील सर्वाधिक उंची, अंशांमध्ये.

कन्याकुमारीत अगस्त्य २९ अंशांपर्यंत चढतो. पणजीत सुमारे २२, कोल्हापुरात साडेवीस, पुण्यात १९, मुंबईत १८, नागपुरात १६ अंश. दिल्लीत तो जेमतेम ९ अंशांवर असतो, तर लेहमध्ये ३ अंशांवर. तिथे एखादा डोंगरही त्याला झाकायला पुरेसा आहे. ३७.३ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे उत्तर शून्याखाली जाते, म्हणजे तारा क्षितिजावर येतच नाही.

यात पुणेकरांसाठी एक गंमत आहे. ध्रुवताऱ्याची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. म्हणजे अगस्त्य सर्वांत उंच असतो तेव्हा पुण्यात उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य जवळपास एकाच उंचीवर असतात. फक्त अगस्त्य ध्रुवापेक्षा सुमारे १२ पट तेजस्वी आहे.

तो ड्रोनसारखा रंग का बदलतो?

डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून सरळ खाली येतो. १८ अंशांवरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला तिरका प्रवास करावा लागतो आणि वाटेत तिप्पट हवा लागते. या हवेत गरम-थंड थर सतत हलत असतात. प्रत्येक थर प्रकाशाला किंचित वाकवतो आणि लाल, हिरवा, निळा हे रंग थोड्या वेगवेगळ्या प्रमाणात वाकतात. त्यामुळे कधी एक रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो, तर कधी दुसरा. ताऱ्याचा स्वतःचा रंग बदलत नाही. अगस्त्याचा खरा रंग पांढरा, किंचित पिवळसर झाक असलेला आहे.

याच तिप्पट हवेतील धूळ आणि धुरके त्याचे तेजही खातात. शहराच्या दक्षिणेला झगमगाट किंवा धुरके असेल, तर दुसऱ्या क्रमांकाचा हा तारा अगदी सामान्य वाटू शकतो.

‘कॅनोपस’ हे नाव कुठून आले?

हे नाव ग्रीकांकडून आले. ट्रॉयच्या युद्धकथेतील राजा मेनेलाउस याच्या जहाजाचा सुकाणू धरणारा कॅनोपस हा इजिप्तच्या किनाऱ्यावर मरण पावला, असे कथा सांगते. अलेक्झांड्रियाजवळ त्याच नावाचे शहर होते आणि दक्षिणेकडच्या समुद्रावर खाली चमकणाऱ्या ताऱ्यालाही तेच नाव चिकटले. इजिप्तमधील कॉप्टिक भाषेत या नावाचे मूळ असावे आणि त्याचा अर्थ ‘सोन्याची भूमी’ असा असावा, असेही एक मत आहे.

ग्रीकांच्या आकाशात इथे ‘आर्गो’ नावाचे एक प्रचंड जहाज होते. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या तारासूचीत कॅनोपस या जहाजाच्या सुकाणूच्या वल्ह्यावर येतो. पण हा तारकासमूह फारच मोठा होता. अठराव्या शतकात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय याने त्याचे कॅरिना, पपिस आणि वेला असे भाग पाडले. अगस्त्य कॅरिनाच्या, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्याच्या वाट्याला आला. म्हणून त्याचे शास्त्रीय नाव ‘अल्फा कॅरिनी’ आहे.

आपण त्याला ‘अगस्त्य’ का म्हणतो?

अगस्त्य ऋषींच्या दोन कथा सर्वांना माहीत आहेत. वाढत चाललेल्या विंध्य पर्वताला ‘मी परत येईपर्यंत वाकून राहा’ असे सांगून ते दक्षिणेला गेले आणि परतलेच नाहीत, ही एक. त्यांनी समुद्र पिऊन टाकला, ही दुसरी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. मराठीत ऋषी आणि तारा या दोघांनाही ‘अगस्ती’ असेही म्हणतात.

उत्तर भारतातून पाहणाऱ्याला दक्षिणेच्या टोकाला, क्षितिजाजवळ दिसणारा हा एकमेव अतितेजस्वी तारा. दक्षिणेला जाऊन तिथेच राहिलेल्या ऋषींचे नाव त्याला मिळावे, हे सहज समजण्यासारखे आहे. समुद्राची कथाही आकाशाशी जुळते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पहाटे अगस्त्य पुन्हा दिसू लागतो. त्याच सुमारास नद्यांचा गाळ खाली बसू लागतो. अगस्त्य उगवला की पाणी निवळते, ही समजूत संस्कृत साहित्यात जुनी आहे आणि कालिदासाच्या ‘रघुवंशा’तही ती येते. अर्थात पाणी निवळते ते पाऊस ओसरल्यामुळे. तारा हे त्याचे कारण नव्हे. तो कॅलेंडरवरची खूण आहे.

ही खूण जागेनुसार बदलते, हेही आपल्याकडे माहीत होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अगस्त्यासाठी एक पूर्ण अध्याय दिला आहे. अगस्त्याचे दर्शन केव्हा होईल हे प्रत्येक प्रदेशासाठी स्वतंत्रपणे गणित करून ठरवावे, असे तो सांगतो आणि उज्जैनसाठी उत्तरही देतो : सूर्य कन्या राशीत जायला ७ अंश उरलेले असताना. पंचांगात आजही अगस्त्याच्या उदय-अस्ताची नोंद असते. मात्र ती तारीख कोणत्या गावासाठी काढली आहे, हे पाहायला हवे. दक्षिणेकडच्या गावात तारा आधी दिसतो, उत्तरेकडे नंतर.

इतर देशांत त्याची नावे काय?

अरबीत हा ‘सुहैल’. संयुक्त अरब अमिरातीसह आखाती देशांत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे सुहैल दिसला, की कडक उन्हाळा उतरणीला लागला असे मानतात. दरवर्षी तिथल्या माध्यमांत त्याच्या बातम्या येतात. दुबई, मस्कतमधील मराठी वाचकांनी त्या पाहिल्याही असतील. ज्या घटनेचा आपल्याकडे ‘पाणी निवळले’ असा अर्थ लावला जातो, तिचाच तिथे ‘ऊन उतरले’ असा होतो.

चीनमध्ये हा ‘दक्षिणेचा म्हातारा’ आणि दीर्घायुष्याचे प्रतीक. तिथल्या जुन्या राजधान्यांतून तो क्षितिजावर जेमतेम डोकावत असे, त्यामुळे त्याचे दर्शन भाग्याचे मानले जाई.

सुकाणू धरणारा, दक्षिणेला गेलेला ऋषी, दक्षिणेचा म्हातारा. या नावांचे आपापसांत नाते नाही, पण पाहणारे सगळे उत्तरेकडे उभे होते. तारा त्यांना दूर, खाली, दक्षिणेच्या कडेला दिसत होता. नावांमध्ये तीच दिशा उतरली आहे.

मग अधिकृत नाव कोणते?

ताऱ्यांच्या नावांबाबत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा शब्द अंतिम मानला जातो. २०१६ मध्ये संघटनेने त्यासाठी एक कार्यगट नेमला. एकाच ताऱ्याची अनेक नावे आणि एकाच नावाची अनेक स्पेलिंग, हा गोंधळ संशोधनात अडचणीचा ठरत होता. त्याच वर्षी ‘कॅनोपस’ हे नाव अधिकृत झाले.

‘सुहैल’ हे नावही या यादीत आहे, पण ते शेजारच्या वेला तारकासमूहातील दुसऱ्याच एका ताऱ्याला दिलेले आहे. अरबीत या भागातील अनेक ताऱ्यांच्या नावांत ‘सुहैल’ येत असे, त्यातून हे झाले. म्हणजे आखातात पिढ्यानपिढ्या ज्याला सुहैल म्हणतात, तो कागदोपत्री सुहैल नाही.

‘अगस्त्य’ या यादीत नाही. मात्र भारतीय नावांना तिथे जागाच नाही, असे नव्हे. २०१७ मध्ये मीन तारकासमूहातील एका मंद ताऱ्याला ‘रेवती’ आणि मेष तारकासमूहातील एकाला ‘भरणी’ ही नावे अधिकृतपणे मिळाली. त्या ताऱ्यांना जगभर रूढ असे दुसरे नाव नव्हते. अगस्त्याची अडचण नेमकी उलटी आहे. त्याचे दुसरे नाव आधीच प्रसिद्ध होते. अधिकृत यादी संशोधकांसाठी असते. घरात, पंचांगात किंवा गच्चीवर ‘अगस्त्य’ म्हणायला कोणाची हरकत नाही.

याच अनुषंगाने एक सावधगिरी. ‘वाढदिवसाला ताऱ्याला प्रिय व्यक्तीचे नाव द्या’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात. पैसे भरले की प्रमाणपत्र मिळते. खगोलशास्त्रीय संघटना असे नाव मान्य करत नाही आणि नावे विकतही नाही. भेट म्हणून कागद हवा असेल तर गोष्ट वेगळी. आकाशातल्या ताऱ्याचे नाव त्याने बदलत नाही.

अगस्त्य किती दूर आहे?

सुमारे ३१० प्रकाशवर्षे. म्हणजे आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश तिथून साधारण १७१५ च्या आसपास निघाला. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते आणि बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद मिळून जेमतेम एक-दोन वर्षे झाली होती.

हा आकडा मिळायला फार वेळ लागला. गाडीतून जाताना जवळचे झाड दूरच्या डोंगरासमोर सरकताना दिसते. तसेच पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांसमोर किंचित सरकतात. हे सरकणे मोजले, की अंतर निघते. अगस्त्याच्या बाबतीत हे सरकणे अंशाच्या ३६०० व्या भागाच्याही साधारण शंभराव्या भागाएवढे आहे. अडीच सेंटिमीटरचे नाणे ४९० किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढे. वातावरणाच्या थरथरीतून जमिनीवरच्या दुर्बिणींना ते नीट मोजता येत नव्हते. त्यामुळे जुने अंदाज शंभर प्रकाशवर्षांपासून हजारापलीकडेपर्यंत पसरलेले होते.

ऑगस्ट १९८९ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने ‘हिप्पार्कस’ उपग्रह सोडला. वातावरणाच्या वर जाऊन त्याने एक लाखाहून अधिक ताऱ्यांची स्थिती मोजली. १९९७ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध झाली आणि अगस्त्याचे अंतर ३१० प्रकाशवर्षांच्या आसपास निश्चित झाले. यात सुमारे पाच टक्क्यांची चूक अजूनही शक्य आहे. नंतरच्या ‘गाया’ या कितीतरी अचूक उपग्रहाचा इथे उपयोग झाला नाही. तो मंद ताऱ्यांसाठी बनवलेला आहे आणि अगस्त्याच्या तेजाने त्याचे कॅमेरे दिपून जातात.

अंतर का महत्त्वाचे? तेज अंतराच्या वर्गाने कमी होते. अंतर चारपट चुकले, तर ताऱ्याचे खरे तेज सोळापट चुकते. अंतर कळल्याशिवाय तारा लहान पण जवळचा आहे की अवाढव्य पण दूरचा, हे सांगता येत नाही.

अगस्त्य केवढा आहे?

इथे व्याधाशी तुलना केली की चित्र स्पष्ट होते. व्याध आपल्याला अगस्त्याच्या जवळपास दुप्पट तेजस्वी दिसतो. पण व्याध फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याच्या २५ पट तेज देतो. अगस्त्य त्याच्या ३६ पट दूर आहे. व्याधाच्या जागी अगस्त्य आणून ठेवला, तर तो आताच्या तेरा-चौदाशे पट तेजस्वी दिसेल. शुक्र त्याच्यापुढे फिका पडेल आणि अमावास्येच्या रात्री त्याच्या प्रकाशात आपली सावली पडेल.

अगस्त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे ७० पट आहे. तो सूर्याच्या जागी ठेवला, तर त्याचा पृष्ठभाग बुधाच्या कक्षेजवळ पोहोचेल. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ७,४०० केल्विन. सूर्याचे ५,८०० च्या आसपास आहे.

या दोन आकड्यांवरून तेज आपणच काढू शकतो. व्यास ७० पट म्हणजे पृष्ठभाग ७० चा वर्ग, सुमारे ४,९०० पट. तापमान सूर्याच्या १.२८ पट. प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे सुमारे २.७ पट. दोन्हींचा गुणाकार केला, की उत्तर १३ हजारांच्या आसपास येते. सूर्य जेवढा प्रकाश तीन-साडेतीन तासांत देतो, तेवढा अगस्त्य एका सेकंदात देतो.

आकड्यांत अगस्त्य :
- अंतर : सुमारे ३१० प्रकाशवर्षे
- दृश्य प्रत : उणे ०.७४ (व्याधाची उणे १.४६, आकडा जितका उणे, तितका तारा तेजस्वी)
- व्यास : सूर्याच्या सुमारे ७० पट
- वस्तुमान : सूर्याच्या सुमारे ८ ते १० पट
- पृष्ठभागाचे तापमान : सुमारे ७,४०० केल्विन
- तेज : सूर्याच्या १० हजार पटींहून अधिक

त्याचे पुढे काय होणार?

मोठे तारे इंधन झपाट्याने जाळतात. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि त्याचे निम्मे आयुष्य अजून बाकी आहे. अगस्त्यासारख्या ताऱ्याचे सगळे आयुष्यच काही कोटी वर्षांचे असते. त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला आहे आणि म्हणूनच तो एवढा फुगला आहे.

सूर्याच्या आठपटींहून बरेच जड तारे शेवटी स्फोट होऊन संपतात. त्यापेक्षा हलके तारे बाहेरचे थर सोडून देतात आणि मागे पृथ्वीएवढा ‘श्वेत बटू’ उरतो. अगस्त्य नेमका या सीमेवर आहे, त्यामुळे त्याचे वस्तुमान किती हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दोन्हींपैकी काहीही झाले, तरी आपल्या हयातीत काही होणार नाही.

अंतराळयाने अगस्त्याकडे का पाहतात?

अंतराळात यानाला ‘वर-खाली’ कळत नाही. सूर्याकडे तोंड केले की एक दिशा पक्की होते, पण यान त्या रेषेभोवती गिरकी घेतच राहू शकते. ते थांबवायला दुसरी खूण लागते. ही खूण तेजस्वी हवी आणि सूर्याच्या दिशेपासून नेहमी बरीच बाजूला हवी.

ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात. अगस्त्य या पातळीपासून जवळपास ७६ अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे यान त्या पातळीत कुठेही असले, तरी सूर्य एका बाजूला आणि अगस्त्य जवळपास काटकोनात. व्याध अधिक तेजस्वी असूनही या कामात मागे पडतो, कारण तो या पातळीच्या बराच जवळ आहे.

२८ नोव्हेंबर १९६४ रोजी निघालेल्या ‘मरिनर-४’ या यानावर अगस्त्य शोधणारा खास संवेदक होता. सुरुवातीला त्याने भलतेच तारे धरले. यानापासून सुटलेले धूलिकण सूर्यप्रकाशात चमकले, की तोही गोंधळे. अखेर अगस्त्य सापडला आणि जुलै १९६५ मध्ये या यानाने मंगळाची पहिली जवळून घेतलेली छायाचित्रे पाठवली. पुढे ‘व्हॉयेजर’ यानांवरही असाच संवेदक बसवण्यात आला. ग्रीकांनी ज्याला जहाजाच्या सुकाणूवर बसवले होते, तोच तारा विसाव्या शतकात खरोखर वाट दाखवू लागला.

अगस्त्य आपल्याकडून कायम दिसेल का?

नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. एका फेऱ्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांची क्षितिजावरची उंची हळूहळू बदलते. अगस्त्य सध्या त्याच्या उत्तरेकडच्या टोकाजवळ आहे. ते टोक त्याने सुमारे हजार वर्षांपूर्वी गाठले. म्हणजे आपला काळ अगस्त्य पाहण्यासाठी उत्तम आहे. आजपासून सुमारे १२ हजार वर्षांनी तो आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळ गेलेला असेल आणि महाराष्ट्रातून वर्षातील कोणत्याही रात्री दिसणार नाही. त्या वेळी उत्तरेला ध्रुवाचे काम अभिजित तारा करत असेल.

हेच गणित मागे नेले, की विंध्याची कथा पुन्हा आठवते. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी विंध्याच्या अक्षांशावरून अगस्त्य क्षितिजाला जेमतेम टेकत असणार. त्याहून आधी तो पाहायला विंध्य ओलांडून दक्षिणेलाच जावे लागले असते. खगोलशास्त्रज्ञ कृ. दा. अभ्यंकर यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात अगस्त्याची कथा आणि ताऱ्याचे हे सरकणे यांचा संबंध मांडला होता. कथा ताऱ्यावरूनच रचली गेली, हे यातून सिद्ध होत नाही. पण तारा आणि दक्षिण दिशा यांची सांगड किती जुनी असू शकते, याचा अंदाज येतो.

तुम्ही काय करून पाहू शकता?

इ.स.पूर्व पहिल्या शतकात पोसिडोनियस या ग्रीक विद्वानाने याच ताऱ्यावरून पृथ्वीचा घेर काढला होता. ऱ्होड्स बेटावरून तारा क्षितिजाला टेकलेला दिसे, तर अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या ४८ व्या भागाएवढा, म्हणजे साडेसात अंश वर येई. दोन ठिकाणांतील अंतर त्याने ५ हजार स्टेडिया धरले. त्याला ४८ ने गुणले, की घेर २ लाख ४० हजार स्टेडिया. त्याचे कोनाचे माप चुकले होते, कारण प्रत्यक्ष फरक सव्वापाच अंशांच्या आसपास आहे. रीत मात्र बरोबर होती.

ही रीत आज नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वापरता येते. एक जण नागपुरात आणि एक पणजीत हवा. मोबाइलवरच्या कोन मोजणाऱ्या ॲपमध्ये फोनची कड ताऱ्याच्या रेषेत धरून अगस्त्याची उंची दर काही मिनिटांनी मोजा आणि त्यातील सर्वांत मोठा आकडा घ्या. दोघांनी एकाच क्षणी मोजण्याची गरज नाही. नागपूर आणि पणजीच्या उंचीत ५.६ ते ५.७ अंशांचा फरक यायला हवा. दोन्ही शहरांमधील निव्वळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ६२७ किलोमीटर आहे. रस्त्याचे अंतर घेऊ नका, उत्तर चुकेल. ६२७ ला तुमच्या फरकाने भागा आणि ३६० ने गुणा. उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ आले, तर तुम्ही पृथ्वी मोजलीत.

फोनची एका अंशाची चूकही उत्तर पाच-सात हजार किलोमीटरने हलवू शकते, म्हणून चार-पाच रात्रींची सरासरी घ्या. दक्षिणेकडे इमारत किंवा दिवे नसलेली जागा निवडा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर तो थरथरता व्हिडीओ आला, की त्याखाली एवढेच लिहा : ३७.३ मधून आपल्या गावाचा अक्षांश वजा करा आणि ठिपका तेवढ्या उंचीवर आहे का, ते पाहा.